पाकीट बंद करू का?

आमच्या घरी केक कोणी करत नाही, तरी ओट्यावर केकवाल्यांकडे असतो तसा डिजिटल वजनकाटा आहे, आणि पाहुणे आले की हमखास विचारतात, काय गं डाएट चालू आहे का. डाएट नाही हो, पाकिटं. पोस्टाची पाकिटं. तो काटा त्यासाठीच घेतलाय आणि गेली कित्येक वर्षं आमच्या घरातले निम्मे वाद त्याच्यावर दिसणाऱ्या आकड्यावरून झालेत. एकोणीस ग्रॅम आलं तर सगळ्यांना चहा असायचा. एकवीस आलं की बाबा कात्री मागायचे आणि आतल्या पुठ्ठ्याचे कोपरे कापत बसायचे.

बाबा शाळेत क्लार्क होते, आता ऐंशीच्या घरात आहेत आणि तिकिटं जमवतात. पोस्टाची तिकिटं. आम्ही नाशिकरोडचे. इथल्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ पासून देशाची तिकिटं छापली जातात, त्याआधी ती लंडनहून छापून यायची, हे मला बहुतेक बाराखडीच्या आधी पाठ झालं असावं. छापतात घराजवळ, पण घ्यायला जायचं पोस्टाच्या खिडकीवरच, आणि खिडकीवर बाबा नवीन तिकीट आलं की चार-चारच्या दोन चौकोनी जोड घ्यायचे, ज्याला तिकिटवाले ब्लॉक ऑफ फोर म्हणतात. एक ब्लॉक अल्बममध्ये आणि एक अदलाबदलीला. पुढे अदलाबदल करणारे मित्र कोणी पुण्याला मुलाकडे गेले, कोणाचा नाद सुटला, कोणाचे डोळे गेले, आणि डुप्लिकेटांचे बुटांचे खोके माळ्यावर साठत गेले. आईने एकदा रद्दीवाल्याला बोलावलं होतं, तो किस्सा परत कधीतरी.

२०११ मध्ये मी म्हटलं बाबा आपण हे ऑनलाइन लिलावात टाकू. तेव्हा ईबे इंडिया जोरात होतं. आधी ती बाझी डॉट कॉम म्हणून आपली मुंबईची साइट होती, २००४ मध्ये ईबेने विकत घेतली, आणि पैशांसाठी त्यांचं पैसापे होतं, म्हणजे गिऱ्हाईक पैसे भरायचं पण वस्तू पोचेपर्यंत ते मध्येच अडकून राहायचे. अकाउंट बाबांच्या नावाने काढलं, चालवायची मी. त्यामुळे आजपर्यंत मला लोक सर म्हणतात. मीही कधी सुधारायला गेले नाही.

विकायच्या आधी बाबा म्हणाले, आधी आपण गिऱ्हाईक होऊन बघू, बाजार कळतो. म्हणून एका विक्रेत्याकडून चार लॉट घेतले, लॉट म्हणजे एका बोलीत जाणारा नग, जुनी फर्स्ट डे कव्हरं, म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवसाचा शिक्का असलेली पाकिटं. प्रत्येक लॉटखाली लिहिलेलं, पोस्टेज चाळीस रुपये. चार लॉट, एकशेसाठ. मी भरले, मला काही खटकलंही नाही, लिहिलंय तर भरायचं. आठवड्याने पाकीट आलं. एकच. बाबांनी ते उघडलंच नाही आधी, नुसतं फिरवून फिरवून बघत बसले, आणि मग मला हाक मारली. पाकिटावर रजिस्टरची बारकोडवाली चिठ्ठी होती आणि तिच्यावर वजन आणि रक्कम छापलेली, बत्तीस रुपये.

अगं म्हणजे बघा ना, या धंद्यात चोरी लपवायची सोयच नाही. किराणावाला कितीला आणतो ते आपल्याला कधी कळत नाही, कापडवाल्याचं तर देवालाही कळत नाही, पण पोस्टेज किती लागलं हे पाकिटावरच लिहून येतं, आणि ते पाकीट ज्याच्या हातात पडतं तो तर तिकिटवाला, त्याची नजर आधी वरच्या उजव्या कोपऱ्यातच जाते, आतलं नंतर. मी म्हटलं मेसेज करते त्याला, उरलेले पैसे मागते. बाबा नको म्हणाले. ते पाकीट मात्र त्यांनी जपून ठेवलंय, अजूनही अल्बमांच्या कपाटात आहे, चार कव्हरांपेक्षा जास्त काळजीने.

मग आमची विक्री सुरू झाली आणि महिन्याभरात आमच्याही पुढे तोच प्रश्न आला, फक्त उलट बाजूने. बंगलोरच्या एका माणसाने एका रात्रीत आमचे पाच लॉट जिंकले. तेव्हाचा हिशोब सांगते, कारण सगळी गंमत त्या हिशोबातच आहे. साधं पत्र वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपये, पुढच्या प्रत्येक वीस ग्रॅमला आणखी पाच, आणि रजिस्टर करायचे सतरा. म्हणजे एक पाकीट कमीत कमी बावीस रुपये. पाच लॉट वेगवेगळे पाठवले तर एकशेदहा. आता पाकीट आणि आतले दोन पुठ्ठे मिळून चौदा ग्रॅम, आणि ग्लासिनच्या, म्हणजे पातळ गुळगुळीत कागदाच्या पुडीतली तिकिटं एका लॉटला जेमतेम दोन ग्रॅम, म्हणजे पाचही लॉट एकत्र घातले तर चोवीस ग्रॅम, दहा अधिक सतरा, सत्तावीस रुपये. त्या माणसाने पाच वेळा बावीस भरून टाकले होते, काही न विचारता, मी भरले होते तसेच.

बाबांनी वहीच्या मागच्या पानावर वजाबाकी केली आणि वही माझ्यापुढे सरकवली. त्र्याऐंशी. म्हणाले, हे कोणाचे?

मी म्हटलं बाबा त्याने राजीखुशीने दिलेत. बाबा म्हणाले तिकिटाचे दिलेत ते राजीखुशीने, लिलाव आहे, त्याला वाटलं म्हणून त्याने बोली लावली, तिथे आपण दहाचं तिकीट शंभरला विकलं तरी मला झोप लागेल. पोस्टेज त्याने आपल्याला दिलंच नाहीये, पोस्टाला दिलंय, आपण मधले. शाळेत ते फीचे पैसे गोळा करायचे, सहलीचे पैसे गोळा करायचे, उरलेले चार चार आणे पोरांना परत वाटायचे, तो त्यांचा जन्माचा धंदा. त्र्याऐंशी रुपये परत गेले. त्या बंगलोरवाल्याचं उत्तर आलं, सर धिस इज द फर्स्ट टाइम. आणि पुढच्या महिन्यात त्याने अकरा लॉट घेतले, हे सांगायला मला जरा लाज वाटते कारण यावरून लोक लगेच बघा प्रामाणिकपणाचं फळ वगैरे म्हणतात. तसं काही नसतं. परत केल्यावर पुन्हा तोंड न दाखवलेलेही भरपूर आहेत.

माझं बाबांशी सगळं पटलं असंही नाही. पोस्टाच्या लायनीत उभं राहणारी मी, अर्धी रजा टाकणारी मी, पुठ्ठे, पाकिटं, चिकटपट्टी आणणारी मी, आणि हे म्हणणार पोस्टेज म्हणजे फक्त पोस्टाचं. रिटायर्ड माणसाचा वेळ फुकट असतो, माझा नाही. भांडून भांडून मी आठ रुपये मिळवले. पॅकिंगचे. म्हणजे बावीस अधिक आठ, तीस रुपये, आणि ते कितीही लॉट घेतले तरी एकदाच. पहिल्या लॉटला तीस, पुढचे सगळे त्याच पाकिटात फुकट. कधी वजन चढलं की पाच-दहा रुपये आमच्या खिशातून जायचे, जाऊ देत. माझं म्हणणं एवढंच की मेहनतीचे घ्यायचे तर मेहनतीचे म्हणून घ्या, पोस्टाच्या नावावर नको. आणि ते फ्री शिपिंगवाले तर मला अजिबात आवडत नाहीत, वस्तूत चाळीस मिळवून ठेवायचे आणि वर उपकार केल्यासारखं फ्री लिहायचं, शिवाय पाच वस्तू घेणारा पाच वेळा चाळीस भरतो आणि त्याला कळतही नाही. हे परदेशात तर फार मोठ्या प्रमाणावर चालायचं. ईबे पूर्वी कमिशन फक्त वस्तूच्या किमतीवर घ्यायचं, म्हणून काही महाभाग वस्तू एका सेंटला लावायचे आणि पोस्टेज पंचवीस डॉलर. शेवटी २०११ पासून अमेरिकेत ईबेने पोस्टेजवरही कमिशन लावलं, तेव्हा कुठे ती पळवाट बंद झाली. ओल्याबरोबर सुकं जळतं तसं आमच्यासारख्यांचंही कमिशन वाढलं ते वेगळंच, परदेशी गिऱ्हाइकांसाठी तिथेही आमचे थोडे लॉट असायचे.

सवलत द्यायला लागल्यावर एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. पंधरा रुपयांचं तिकीट एकटं कधीच विकलं जात नाही. कोण कशाला पंधराच्या तिकिटाला तीस पोस्टेज भरेल, नवरीपेक्षा करवलीचा खर्च जास्त. पण तेच तिकीट जर दुसऱ्या कुठल्या अडीचशेच्या तिकिटाबरोबर फुकट जाणार असेल तर त्याला अचानक भाव येतो, लोक खोके उपसल्यासारखे आमचे जुने लॉट उपसायला लागतात, अरे हे पण घे, ते पण घे, नाहीतरी पाकीट जाणारच आहे. मामाच्या गावाला जायला सांगलीकडे वडाप असायची, जीप, दहा जण भरले की निघणार, एकट्यासाठी नाही निघणार, आणि एकट्याने पूर्ण गाडी करायची तर तेवढी ऐपत कोणाची. आमची निम्मी डुप्लिकेटं अशी वडापने गेली. आयुष्यभर खोक्यात पडून राहिली असती अशी पाच-दहा रुपयांची तिकिटं, कडेला जरा पिवळी पडलेली, कोणातरी श्रीमंत तिकिटाच्या शेजारी बसून गेली गुवाहाटीला.

१४ ऑगस्ट २०१८ ला ईबे इंडिया बंद झालं. आम्ही फेसबुकच्या ग्रुपवर आलो आणि मग व्हॉट्सअॅपवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे लिलाव रात्री आठ ते दहा असतात, विकणारा एकेका लॉटचा फोटो टाकतो, खाली बेस प्राइस, आणि लोक फोटोला रिप्लाय करून आकडा टाकत जातात, नऊ एकोणसाठला एखादा शहाणा येऊन पाच रुपये वर टाकून लॉट पळवतो, मग त्याच्यावर दहा मिनिटं भांडणं. पोस्टेज एक्स्ट्रा हे प्रत्येकाच्या नियमात असतं. आणि दुसरा शब्द असतो तो पूलिंग. सर पूल कर दो. म्हणजे आत्ता पाठवू नका, आज एक जिंकलंय, पुढच्या बुधवारी अजून काही मिळेल, साठवत राहा, सगळं एकदम पाठवा. काहीजण पूलिंग देत नाहीत, काही पंधरा दिवस देतात. आम्ही आधी तीस दिवस म्हटलं होतं, पण बाबांना कोणाला नाही म्हणता येत नाही, त्यामुळे तो नियम फक्त लिहिण्यापुरता राहिला.

खरं सांगू का, पैशाची सवलत सोपी असते. एकदा आकडा ठरवला की झालं. पूलिंगमध्ये तुम्ही जे देता ते म्हणजे जागा आणि आठवण. कोणाचं काय आलंय, कोणाचे पैसे आलेत, कोणाचं एक तिकीट बदलून द्यायचंय, कोण म्हणाला होता दिवाळीनंतर पाठवा कारण घर बदलतोय. आमच्याकडे त्यासाठी एक बुटाचा खोका आहे, त्यात उभी पाकिटं, प्रत्येकावर पेन्सिलीने नाव आणि पिनकोड, आत चिठ्ठी, चिठ्ठीवर लॉट नंबर आणि तारखा. एका वेळी तीस-चाळीस पाकिटं अर्धवट भरलेली. पावसाळ्यात तो खोका रात्री कपाटात जातो आणि आत सिलिकाच्या पुड्या पडतात, कारण डिंक लागलेली तिकिटं दमट हवेत एकमेकांना जी चिकटतात ती लग्न झाल्यासारखी, परत सुटत नाहीत.

आणि याच खोक्याने माझी एकदा शोभा केली. गुवाहाटीचे एक आणि कटकचे एक, दोघांचं आडनाव एकच, दोघांची पाकिटं शेजारी शेजारी, आणि मी चाळीस पाकिटांवर एका बसल्या पत्ते लिहिले, फोनवर बोलत. याचं त्याला, त्याचं याला. दोन-दोन महिन्यांचं पूलिंग, एकाचे नऊ लॉट, एकाचे चौदा. वेगवेगळी पाठवली असती तर एखादंच चुकलं असतं, एकत्र केलं म्हणून अख्खाच्या अख्खा घोळ झाला. मला तर रडायलाच आलं. बाबांनी दोघांना स्वतः फोन केले, त्यांच्या त्या शाळेतल्या हिंदीत, आणि दोघांना एकमेकांचे पत्ते दिले दोघांची परवानगी घेऊन, पोस्टेज आमच्याकडून. कटकवाल्यांनी पुढे पाठवताना एक तिकीट स्वतःकडेच ठेवून घेतलं, म्हणजे फोन करून, विचारून, गुवाहाटीवाल्यांकडून विकत. आमच्यापेक्षा चाळीस रुपये जास्त देऊन! ते ऐकून बाबा खूश की नाराज हे मला अजून कळलेलं नाही.

हे एकत्र पाठवायचं प्रकरण बाबांना इतकं का भावतं याचं मूळ मला वाटतं त्यांच्या रोलंड हिलमध्ये आहे, इंग्लंडच्या टपालाचे दर बदलायला लावणारा तो माणूस. पेनी ब्लॅक हे जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट, १८४०, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बाबांना तिकिटापेक्षा त्याच्या आधीचा हिशोब आवडतो. त्याआधी इंग्लंडमध्ये पत्राचे पैसे अंतरावर आणि कागदांवर असायचे, एक कागद असेल तर एकपट, दोन असतील तर दुप्पट, आणि पाकीट घातलं तर तो पण एक कागद धरायचे. म्हणून लोक एकाच कागदावर आडवं लिहून झालं की तोच कागद फिरवून उभं लिहायचे. एकत्र पाठवण्याचा काही फायदाच नाही, उलट दंड. हिलने १८३७ च्या त्याच्या पुस्तिकेत हिशोब मांडला की लंडनहून एडिनबरोला एक पत्र नुसतं वाहून न्यायला पेनीचा छत्तिसावा भाग लागतो. खर्च अंतराचा नाहीच, खर्च आहे तो प्रत्येक पत्र हातात घेण्याचा, मोजण्याचा, नोंदवण्याचा, दारात जाऊन पैसे मागण्याचा. मग वजनावर दर आला, अर्ध्या औंसाला एक पेनी, कुठेही. आपल्याकडे १८५४ ला तसंच, पाव तोळ्याला अर्धा आणा, देशात कुठेही. पाव तोळा म्हणजे तीन ग्रॅमला जरा कमी. आई म्हणते तेव्हा पत्रसुद्धा सोन्यासारखं तोलायचे.

आमच्या रजिस्टरच्या सतरा रुपयांत तेच तर होतं. वजनाचे पाच, आणि सतरा कशाचे तर त्या एका पाकिटाला नोंदवायचे, सही घ्यायचे. पाच पाकिटं असली की पाच वेळा नोंदणी. एकच केलं की एकदाच. बंगलोरवाल्याचे त्र्याऐंशी तिथूनच आले होते, त्यातले अडुसष्ट तर नुसते नोंदणीचे.

लॉकडाऊनमध्ये मार्च २०२० च्या शेवटी पाठवणं थांबलं पण लिलाव थांबले नाहीत, उलट सगळे घरी बसलेले, रोज रात्री लिलाव. खोके तीन झाले. लोक पैसे पाठवायचे आणि म्हणायचे सर जेव्हा होईल तेव्हा. जूनमध्ये मी पहिल्यांदा पिशवी घेऊन गेले तेव्हा काउंटरवरच्या ताईंनी आधी पिशवीकडे आणि मग माझ्याकडे असं बघितलं की मी निम्मी पाकिटं दुसऱ्या दिवशी आणते म्हटलं.

आणि मग २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टच स्पीड पोस्टमध्ये मिळवून टाकलं. बावीस रुपयांची गोष्ट संपली. ऑक्टोबरपासूनचा नवा दर गावाबाहेर पन्नास ग्रॅमपर्यंत सत्तेचाळीस, वर जीएसटी, म्हणजे पंचावन्नच्या पुढे. त्याच सुमारास अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या छोट्या पार्सलची करमाफी काढली आणि आपल्याकडून तिकडे जाणारं टपाल ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद होतं, ओहायोतल्या एका आजोबांचं पाकीट आमच्याकडे तेवढे दिवस उभं होतं आणि ते दर आठवड्याला विचारायचे, नो हरी, हाऊ इज युअर फादर.

पंचावन्न रुपयांनी छोटे लॉट मारले असं सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे. पण माझ्या लक्षात आलं की आता हिशोब जरा वेगळा झालाय. आधी दर वीस ग्रॅमला आकडा बदलायचा म्हणून कात्री चालायची. आता पन्नासपर्यंत एकच दर. पाकीट आणि पुठ्ठे चौदा, उरतात छत्तीस, दोन-दोन ग्रॅमचे अठरा लॉट मावतात. बाबांनी हे गणित एका संध्याकाळी केलं आणि ग्रुपवर मला टाकायला सांगितलं, पूलिंगची मुदत आता पाकीट भरेपर्यंत. मी म्हटलं बाबा असं नका लिहू, लोक दोन दोन वर्षं लावतील. म्हणाले लावू देत. मी मुदत सहा महिने लिहिली. ते बघत नाहीत ग्रुप.

दिमापूरचे एक गृहस्थ आहेत, पक्ष्यांची तिकिटं घेतात, फक्त पक्षी. पहिला लॉट त्यांनी नोव्हेंबरात घेतला. महिन्यातून एकदा काहीतरी छोटं, वीसचं, तीसचं, पैसे मात्र त्याच रात्री. काल मी त्यांना विचारलं, सर पाकीट बंद करू का, सहा महिने होत आले. थोड्या वेळाने उत्तर आलं, थोडा और रुकिए ना, पिताजी से पूछिए, और कोई चिड़िया है क्या.

बाबांनी पाकीट काट्यावर ठेवलं. अडतीस. कात्री बाजूला सारली, पेन्सिल घेतली आणि पिनकोडच्या खाली लिहिलं, अजून १२. मग मला म्हणाले, माळ्यावरचा तिसरा खोका काढ, त्यात एक सारस असायला हवा.